आटलेली वाफ, सांडपाण्याची नळवाट: कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ भूऔष्णिक क्षेत्राचा प्रकरण अभ्यास

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सुमारे ११५ किलोमीटरवर, मायाकामास डोंगररांगेत, ‘द गीझर्स’ हे भूऔष्णिक क्षेत्र पसरलेले आहे. एकाच ठिकाणी भूऔष्णिक केंद्रांचा एवढा मोठा समूह जगात दुसरीकडे नाही. १९८७ साली या डोंगरांतून सुमारे १,६०० मेगावॅट वीज निघत होती. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, नवी केंद्रे अजून उभी राहत असताना, आधीच्या केंद्रांना वाफ पुरेनाशी झाली. खालचा खडक पूर्वीइतकाच तापलेला होता. आटत होते ते त्या खडकाच्या भेगांमधले पाणी. ही वेळ का आली, आणि शेजारच्या वस्त्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी डोंगरावर चढवून या क्षेत्राची घसरण कशी थोपवली गेली, हे या अभ्यासात पाहायचे आहे. भूऔष्णिक ऊर्जेला आपण सरसकट नवीकरणीय म्हणतो. ती खरोखर तशी राहते का, हे उपशाचा वेग आणि पुनर्भरण यांच्या मेळावर ठरते, आणि हा मेळ बिघडणे व पुन्हा जुळवणे या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहायला मिळाल्यामुळे मला हे प्रकरण फार मोलाचे वाटते.

कोरड्या वाफेचे दुर्मीळ क्षेत्र

‘गीझर’ म्हणजे ठरावीक काळाने उसळणारे गरम पाण्याचे कारंजे. या अर्थाने पाहिले तर येथे एकही गीझर नाही. आहेत ती वाफ सोडणारी विवरे, गंधकाचा वास आणि काही उष्ण झरे. पोमो, वाप्पो आणि लेक मिवोक हे मूळ रहिवासी या झऱ्यांचा औषधी उपयोग शतकानुशतके करत होते. १८४७ साली विल्यम बेल एलियट हा गोरा प्रवासी येथे पोहोचला, त्यानंतर काही वर्षांत हवापालटासाठी येणाऱ्यांचे हॉटेल उभे राहिले आणि १९२० च्या दशकात जॉन ग्रँट याने विंधन विहिरी खोदून त्या वाफेवर हॉटेलापुरते दिवे लावले. व्यापारी पातळीवरची वीज मात्र १९६० साली सुरू झाली. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीचे ११ मेगावॅटचे पहिले केंद्र त्या वर्षी चालू झाले आणि अमेरिकेतील भूऔष्णिक विजेचा व्यापारी इतिहास तेथून सुरू झाला.

बहुतेक भूऔष्णिक क्षेत्रे ओली असतात. तेथे विहिरीतून तप्त पाणी आणि वाफ यांचे मिश्रण येते, पाणी वेगळे काढावे लागते, आणि मग वाफ टर्बाइनकडे जाते. गीझर्समध्ये विहिरीच्या तोंडाशी थेट वाफच येते. तिच्यातले खडीचे कण आणि धूळ काढून टाकली की ती सरळ टर्बाइनवर सोडता येते. इटलीतील लार्देरेल्लो हे असेच दुसरे प्रसिद्ध क्षेत्र. तेथे १९०४ साली वाफेवर पाच दिवे लावून भूऔष्णिक विजेचा पहिला प्रयोग झाला होता. अशी क्षेत्रे जगात फारच थोडी आहेत. त्यांचा सोपेपणा आणि त्यांचा कमकुवतपणा एकाच मुळातून येतात, म्हणून ते मूळ नीट समजून घेतले पाहिजे.

या डोंगरांखाली, काही किलोमीटर खोलीवर, शिलारसाचा अजून न निवलेला साठा आहे. त्याच्या वर ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आहे, आणि त्याच्याही वर ग्रेवॅके हा कठीण, भेगाळलेला वालुकाश्म. वाफ असते ती या भेगांमध्ये. उपसा सुरू होण्यापूर्वी तिचे तापमान सुमारे २४० अंश सेल्सियस आणि दाब वातावरणाच्या साधारण पस्तीस पट होता. पस्तीस पट हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण दोन किलोमीटर खोलीवर नुसता पाण्याचा स्तंभ उभा असता तरी दाब दोनशे पटीच्या घरात गेला असता. म्हणजे आजूबाजूच्या भूजलाच्या मानाने हा साठा अत्यंत कमी दाबाचा आहे. भोवतालचे भूजल आत धावून येत नाही याचा अर्थ एकच: साठ्याच्या चारी बाजू आणि माथा अशा खडकांनी बंद झालेले आहेत की त्यांतून पाणी जवळपास झिरपतच नाही. ही बंदिस्ती नसती तर येथे कोरडी वाफ राहिलीच नसती. याच बंदिस्तीमुळे डोंगरावर पडणारा पाऊस खाली मुरून साठा भरून काढू शकत नाही. खडकाच्या सूक्ष्म रंध्रांत जे द्रवरूप पाणी धरून ठेवलेले होते, तेच दाब कमी होईल तसे उकळत होते आणि वाफ होऊन विहिरीत येत होते. कोट्यवधी लिटरांची ती जुनी शिदोरी होती, आणि तिच्यात नवी भर पडण्याची सोय निसर्गाने जवळपास ठेवलेली नव्हती.

एका साठ्यावर अनेक नळ्या

१९७३ च्या तेलसंकटाने अमेरिकेत पर्यायी ऊर्जेची निकड निर्माण केली. १९७८ च्या संघीय कायद्याने छोट्या व स्वतंत्र वीज उत्पादकांची वीज विकत घेणे मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि गीझर्सच्या डोंगरांत ड्रिलिंगच्या यंत्रांची रांग लागली. १९८० च्या दशकात येथे दरवर्षी शंभर-दीडशे मेगावॅटची भर पडत गेली. १९८९ पर्यंत स्थापित क्षमता २,००० मेगावॅटच्या पलीकडे गेली होती.

या वाढीची रचना समजून घेतल्याशिवाय पुढची घसरण समजणार नाही. जमिनीचे हक्क वेगवेगळ्या मालकांचे होते, विहिरी खोदून वाफ पुरवणाऱ्या कंपन्या निराळ्या होत्या, आणि केंद्रे चालवणारे त्याहून निराळे: एक मोठी खासगी वीज कंपनी, उत्तर कॅलिफोर्नियातील नगरपालिकांची एकत्रित वीज संस्था, सॅक्रामेंटो शहराची वीज संस्था, राज्याचा जलसंपदा विभाग आणि आणखी काही. खाली साठा मात्र एकच होता. एका विहिरीवर चार भाऊबंदांनी चार पंप बसवावेत आणि पाणी खाली जाताना दिसूनही कुणी आपला पंप बंद करू नये, ही गोष्ट मराठवाड्यातल्या किंवा नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. जो थांबेल त्याच्या वाट्याचे पाणी शेजाऱ्याच्या टाकीत जाते. गीझर्समध्ये अडीच-तीन किलोमीटर खोलीवर नेमके हेच चालू होते, फरक एवढाच की पाण्याची पातळी कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हती.

विजेचा हिशेब मांडला तर उपशाचे आकारमान लक्षात येते. येथील वाफेवर एक युनिट वीज तयार करायला ढोबळमानाने आठ ते नऊ किलो वाफ लागते. म्हणजे १,६०० मेगावॅटवर चालताना ताशी तेरा-चौदा हजार टन वाफ, आणि दिवसाला बत्तीस कोटी लिटर पाण्याइतका उपसा. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाणी होते, हे खरे. पण तेच पाणी शीतकरण मनोऱ्यांत फिरते, आणि तेथे त्याचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग पुन्हा बाष्प होऊन हवेत उडून जातो. थंड सकाळी या डोंगरांवर दिसणारे पांढरे लोट पाहून आलेला पाहुणा हरखून जातो. खरे तर त्या लोटांतून जमिनीखालचा साठाच आकाशात चाललेला असतो. उरलेले संघनित पाणी १९६९ पासून विहिरींतून परत खाली सोडले जाऊ लागले होते. त्यामागचे तेव्हाचे कारण साठ्याची काळजी हे नव्हते. त्या पाण्यात बोरॉन व अमोनिया असल्याने ते बिग सल्फर क्रीक या ओढ्यात सोडणे चालणार नव्हते, म्हणून त्याची विल्हेवाट लावण्याचा तो मार्ग होता. आलेल्या वाफेच्या चौथ्या हिश्श्याएवढे पाणी परत, बाकी तीन हिस्से हवेत: वर्षानुवर्षे हा व्यवहार चालला.

परिणाम १९८७ नंतर दिसू लागले. विहिरींच्या तोंडाशी दाब उतरू लागला आणि काही भागांत घट वर्षाला वीस टक्क्यांच्याही पुढे गेली. नव्या विहिरी खोदल्या तर त्या शेजारच्या विहिरींचीच वाफ ओढत. राज्याच्या जलसंपदा विभागाने १९८५ साली सुरू केलेले बॉटल रॉक हे ५५ मेगावॅटचे केंद्र १९९० साली वाफेअभावी बंद करावे लागले. केंद्र उभारायला लागलेला काळ आणि पैसा पाहता पाच वर्षांचे हे आयुष्य फारच तोकडे होते. १९८८ साली चालू झालेले दुसरे एक १३० मेगावॅटचे केंद्र १९९६ साली बंद झाले. ज्यांनी ही केंद्रे बांधली त्यांच्याकडे भूशास्त्रज्ञ नव्हते असे मुळीच नाही. साठा मर्यादित आहे हे अभ्यासकांना ठाऊक होते. प्रत्येक संस्थेने आपल्यापुरता केलेला हिशेब बरोबरही असेल. सगळ्यांचे हिशेब एकत्र मांडणारे कुणी नव्हते, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरा दोष येथे आहे.

रिकाम्या साठ्याची तहान

राज्याच्या ऊर्जा आयोगापुढे हा प्रश्न आल्यावर अभ्यासाअंती जे चित्र पुढे आले, ते काळजीचे होते तसे आशेचेही. इतक्या वर्षांत पाण्याचा मोठा हिस्सा निघून गेला होता, पण उष्णतेचा फार छोटा हिस्सा गेला होता. उष्णता खडकाच्या वस्तुमानात साठलेली असते आणि वाफ काढल्याने खडक सहजासहजी थंड होत नाही. म्हणजे चूल पेटलेली होती, आधण संपले होते. बाहेरचे पाणी आत सोडले तर ते तापून वाफ होईल, हे संघनित पाण्याच्या अनुभवावरून दिसतही होते. परत सोडलेल्या पाण्यात ड्यूटेरियम या हायड्रोजनच्या जड प्रकाराचे प्रमाण नैसर्गिक वाफेहून वेगळे असते. त्या फरकावरून शेजारच्या विहिरीत येणाऱ्या वाफेपैकी किती वाफ सोडलेल्या पाण्याची आहे, हे मोजता येत होते. प्रश्न उरला तो एवढे पाणी आणायचे कोठून हा. या कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात नद्या व तलावांचे पाणी आधीच वाटले गेलेले होते.

उत्तर मिळाले ते दुसऱ्या एका अडचणीतून. डोंगरांच्या पूर्वेला क्लिअर लेक हा मोठा तलाव आहे आणि त्याच्या काठावरच्या लेक काउंटीतील वस्त्यांना आपले सांडपाणी कोठे सोडायचे ही विवंचना होती. पावसाळ्यात साठवण तलाव भरून वाहण्याचा धोका होता आणि क्षमता वाढवण्याचा खर्च छोट्या काउंटीला झेपणारा नव्हता. एकाला पाणी नकोसे होते, दुसऱ्याला पाण्याची तहान होती. काउंटी, वीज उत्पादक, राज्य आणि केंद्र सरकार यांनी खर्च वाटून घेतला. सुमारे ४७ किलोमीटर लांबीची नळवाट घातली गेली आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रक्रिया केलेले सांडपाणी, जोडीला तलावाचे काही पाणी, दिवसाला सुमारे तीन कोटी लिटर या प्रमाणात गीझर्सच्या दक्षिण-पूर्व भागात पोहोचू लागले. सांडपाण्यापासून भूऔष्णिक वीज करणारी ही जगातली पहिली व्यवस्था.

दक्षिणेकडील सांता रोसा शहराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची होती. तेथील प्रक्रिया केंद्राचे पाणी रशियन नदीच्या खोऱ्यात सोडले जात असे. १९८५ साली पुरेशी प्रक्रिया न झालेले पाणी नदीत गेल्याने लोकांत मोठा संताप उसळला, आणि उन्हाळ्यात नदीत पाणी सोडण्यास मनाई असल्याने वर्षभराच्या सांडपाण्याचे करायचे काय, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. शेवटी शहराने गीझर्सचा पर्याय निवडला. सुमारे ६६ किलोमीटर लांबीची नळवाट आणि तिच्यावरचे पंप हे पाणी सपाटीवरून डोंगरमाथ्यापर्यंत, जवळपास एक किलोमीटर उंच, चढवतात. २००३ च्या अखेरीपासून दिवसाला सुमारे ४ कोटी १६ लाख लिटर पाणी या वाटेने जाऊ लागले. पाणी चढवायला वीज लागते आणि ती एकूण लाभातून वजा धरलीच पाहिजे. तरीही या पाण्यामुळे मिळणारी वाढीव वीज त्याच्या कितीतरी पट आहे.

डोंगरावर आल्यानंतरचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. एवढे पाणी अडीच किलोमीटर खाली ढकलायला मोठे पंप लागत असतील, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुनर्भरणाच्या विहिरीवर पंपाची गरजच पडत नाही. साठ्याचा दाब इतका उतरलेला आहे की पाणी आपल्या वजनाने खाली कोसळते, आणि विहिरीच्या तोंडाशी लावलेला दाबमापक वातावरणाच्या दाबाहूनही कमी आकडा दाखवतो. विहीर पाणी अक्षरशः ओढून घेते. ज्या दाबाच्या घसरणीने केंद्रे बंद पाडली, तीच घसरण आता पुनर्भरणाचे काम फुकटात करून देते.

हाती आलेले फळ आणि त्याची किंमत

दोन्ही नळवाटा धरल्या तर दिवसाला सात कोटी लिटरांहून अधिक बाहेरचे पाणी या साठ्यात जाऊ लागले. आठशे मेगावॅटच्या आसपास चालणाऱ्या क्षेत्राचा उपसा वरच्याच हिशेबाने दिवसाला सोळा कोटी लिटरांच्या घरात येतो. त्यातले संघनित पाणी चार कोटी लिटर धरले, तर जेवढे काढले त्याच्या दोन-तृतीयांशांहून अधिक परत जाते. १९८० च्या दशकात हेच प्रमाण एक-चतुर्थांश होते. वाफेची घट संथ झाली आणि उत्पादन बरेचसे स्थिरावले. वाफेबरोबर येणाऱ्या, कंडेन्सरमध्ये द्रवरूप न होणाऱ्या वायूंचे प्रमाणही पुनर्भरणाच्या भागांत कमी झाले. या वायूंत हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याचा सडक्या अंड्यासारखा वास ही या परिसराची जुनी तक्रार, आणि तो अडवण्यासाठी केंद्रांना स्वतंत्र यंत्रणा चालवावी लागते.

पाण्याइतकाच महत्त्वाचा बदल मालकीत झाला, जरी त्याच्याविषयी कमी लिहिले जाते. १९९९ साली कॅलपाइन या कंपनीने मोठ्या वीज कंपनीची केंद्रे आणि त्यांना वाफ पुरवणारी क्षेत्रे विकत घेतली. केंद्र आणि विहीर एका हाताखाली आल्यावर कोणत्या विहिरीतून किती वाफ घ्यायची, कोणते जुने केंद्र बंद करून त्याची वाफ अधिक कार्यक्षम केंद्राकडे वळवायची आणि पाणी कोठे सोडायचे, हे संपूर्ण साठा डोळ्यापुढे ठेवून ठरवता येऊ लागले. नगरपालिकांची संस्था आपली केंद्रे अजूनही वेगळी चालवते, पण दक्षिण-पूर्वेच्या पुनर्भरणात तीही भागीदार आहे. एकाच खासगी मालकाच्या हाती एवढे क्षेत्र जाणे हा काही आदर्श उपाय म्हणून मी सांगत नाही. साठ्याचे एकत्र नियोजन हे साध्य होते, आणि सर्व उत्पादकांना बांधणारा सामायिक करार सुरुवातीलाच झाला असता तर ते वीस वर्षे आधी मिळाले असते.

पुनर्भरणाची किंमत मुख्यतः भूकंपांच्या रूपाने मोजावी लागते. थंड पाणी तप्त खडकाला भिडले की खडक आकसतो, भेगांवरचे ताण बदलतात आणि छोटे धक्के बसतात. येथे वर्षाला हजारो सूक्ष्म भूकंपांची नोंद होते, त्यांतील बहुसंख्य फक्त यंत्रांना कळतात. परंतु पाणी सोडण्याचे प्रमाण वाढल्यावर जाणवणाऱ्या धक्क्यांच्या तक्रारीही वाढल्या, विशेषतः क्षेत्राला लागून असलेल्या अँडरसन स्प्रिंग्ज आणि कॉब या वस्त्यांतून. डिसेंबर २०१६ मध्ये ५.० तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. कपाटातली भांडी खुळखुळणे, भिंतीला तडा जाणे या गोष्टी ज्याच्या घरात वारंवार घडतात, त्याला ही वीज स्वच्छ आहे एवढे सांगून भागत नाही. नुकसानीचे दावे पाहणाऱ्या समित्या आणि सर्वांना पाहता येणाऱ्या भूकंपमापनाच्या नोंदी येथे आहेत, ही जमेची बाजू. तरीही विजेचा लाभ दूरच्या शहरांना आणि हादरे शेजारच्या घरांना, ही विषमता मिटलेली नाही. २०१५ च्या वणव्यात अँडरसन स्प्रिंग्जची बहुतेक घरे जळाली आणि काही केंद्रांचे शीतकरण मनोरेही. ज्या डोंगरातून वीज निघते त्याच डोंगराच्या कुशीत राहण्याची जोखीम या लोकांनी दोन्ही बाजूंनी सोसली आहे.

दुसरा प्रश्न पाण्याच्या हक्काचा आहे. १९९० च्या दशकात सांडपाणी ही नकोशी वस्तू होती. त्यानंतर कॅलिफोर्नियाने लागोपाठ दुष्काळ पाहिले आणि चांगली प्रक्रिया केलेल्या पाण्याला सोनोमा परिसरातील द्राक्षबागा, कुरणे आणि शहरांतील बागा असे गिऱ्हाईक मिळाले. सांता रोसाच्या पाण्याचा काही भाग आज शेतीकडे जातो. कोरड्या वर्षी विहिरीत सोडलेले पाणी वाया गेले असे शेतकऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्याच वर्षी जलविद्युत घटल्यामुळे अहोरात्र चालणाऱ्या भूऔष्णिक विजेची गरजही वाढलेली असते. या दोन गरजांत पाणी कसे वाटायचे, याचा निर्णय भूशास्त्र देऊ शकत नाही.

क्षेत्राच्या वायव्य भागात, नेहमीच्या साठ्याच्याही खाली, सुमारे ४०० अंशांपर्यंत तापलेला पण फारसा भेगाळलेला नसलेला खडक आहे. २०११ पासून तेथे सोडून दिलेल्या दोन जुन्या विहिरी पुन्हा उघडून, एकीत सांता रोसाचेच पाणी हळूहळू सोडून नव्या भेगा उघडण्याचा प्रयोग झाला आणि दुसरीत वापरण्याजोगी वाफ मिळाली. त्या प्रयोगात पाण्याचा प्रवाह वाढवण्याच्या प्रत्येक पायरीवर भूकंपांच्या नोंदी तपासूनच पुढची पायरी गाठली गेली.